ताळा जुळतो, तरी चूक उरते

जुन्या मराठी शाळेत बेरीज संपली की पाटीवर ताळा करून पाहण्याची शिस्त होती. 347 अधिक 285 हे उदाहरण घ्या. पहिल्या संख्येतले अंक मिळवले की 14, ते पुन्हा मिळवले की 5. दुसरीचे 15, म्हणजे 6. पाच आणि सहा अकरा, म्हणजे 2. आता उत्तर 632. सहा, तीन आणि दोन मिळून अकरा, म्हणजे पुन्हा 2. ताळा जुळला, पाटी खाली ठेवायला हरकत नाही. पण मुलाने घाईत 632 च्या जागी 623 लिहिले तर? अंक तेच, त्यांची बेरीज तीच, ताळाही तोच. एक अंक एकाने घटला, शेजारचा एकाने वाढला आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकून घेतले. उत्तर चुकलेले आहे आणि तपासणी मात्र ते बरोबर असल्याची ग्वाही देते आहे.

या एका उदाहरणात पुढील प्रकरणांचा सगळा विषय बीजरूपाने आहे.

चुका दोन जातींच्या असतात. पहिल्या जातीची चूक उघडी असते. पावसाळ्यात आभाळ भरून आले, छतावरच्या डिशकडे येणारा सिग्नल क्षीण झाला आणि टीव्हीवरचे चित्र चौकोनाचौकोनांत फुटले, तर कोणीही बोट दाखवून सांगेल की पावसामुळे झाले. सिग्नल सुधारला की ही चूक जाते. दुसऱ्या जातीची चूक आभाळ निरभ्र असताना, तार धड असताना, सगळी यंत्रणा ठणठणीत असताना येते. फार क्वचित येते, पण आली की हटत नाही. तपासणी पुन्हा केली, दहादा केली, शंभरदा केली, तरी ती तिथेच ठाण मांडून बसते, कारण चुकलेल्या बिटांनी, म्हणजे शून्य-एकच्या अंकांनी, एकमेकांचे ताळे जुळवून ठेवलेले असतात. अतिवेगवान जाळ्यांत माहिती उलगडताना येणारी ही हट्टी चूक कशी जन्मते आणि तिला हलवायचे कसे, हा या लेखनाचा विषय आहे.

विषय दूरचा वाटतो, पण तो दुसरबीडपर्यंत पोहोचलेला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातल्या या गावात एखादा शेतकरी सेवा केंद्रावर जाऊन सातबारा काढतो, तेव्हा त्या उताऱ्यातला गट क्रमांक, क्षेत्र आणि बोजाची नोंद हे सारे शून्य आणि एकच्या रूपात प्रवास करून येते. गावापर्यंत फायबर नेताना भारतनेटने जी जीपॉन पद्धत वापरली, तिच्यात चूक दुरुस्त करणाऱ्या रीड-सोलोमन कोडची सोय आहे. शहरांना जोडणाऱ्या जाड फायबरवर याहून तगडे कोड असतात. माहिती केंद्रातल्या तांब्याच्या केबलवर तिसराच कोड काम करतो. डिशवरून येणाऱ्या चित्रासाठी चौथा आणि मोबाइलच्या 5जी लहरींसाठी पाचवा. उतारा प्रिंटरमधून बाहेर येईपर्यंत त्याचे किती ताळे केले गेले, हे उतारा घेणाऱ्याला कळत नाही. कळण्याची गरज पडत नाही, हेच त्या कामाचे यश.

या शास्त्राची सुरुवात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाली. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली सिद्ध केले की गोंगाट असलेल्या मार्गावरूनही एका ठरावीक मर्यादेखालच्या वेगाने हवी तितकी बिनचूक माहिती पाठवता येते. ती कशी पाठवायची, हे मात्र त्या सिद्धतेत नव्हते. त्याच संस्थेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी 1950 साली एक चूक स्वतःहून सुधारणारा कोड छापला. कल्पना पाटीवरच्या ताळ्याचीच होती. मूळ बिटांसोबत काही जादा बिट पाठवायचे, ते अशा हिशेबाने की ठरावीक गटांतली एकची संख्या नेहमी सम यावी. ती विषम आली की कुठेतरी गफलत आहे. अनेक गट चतुराईने एकमेकांत गुंफले की कोणते ताळे बिघडले यावरून नेमका कोणता बिट चुकला, हेही सांगता येते.

पुढच्या दहा वर्षांत या क्षेत्रात जे काम झाले, त्यात भारतीय गणित्यांचा वाटा पायाच्या दगडासारखा आहे आणि मराठी वाचकाने तो अभिमानाने सांगावा असा आहे. होशंगाबादला जन्मलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार राय-चौधुरी यांनी 1960 साली कोडांचे एक कुळ मांडले. फ्रान्समधले अलेक्सी ओकेंगेम यांना तेच कुळ 1959 साली स्वतंत्रपणे सापडले होते. तिघांच्या आद्याक्षरांवरून ते बीसीएच कोड म्हणून जगभर ओळखले जाते. त्याच काळात बोस यांच्या शेजारी बसून काम करणारे दुसरे गणिती होते शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म 1917 सालचा, सागरचा. शिक्षण नागपूरच्या सायन्स कॉलेजात. पीएच.डी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, बोस यांच्याच मार्गदर्शनाखाली. परतल्यावर त्यांनी पुन्हा नागपुरात शिकवले आणि 1963 पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची उभारणी केली. एप्रिल 2020 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी ते गेले.

श्रीखंडे यांचे नाव गाजले ते लॅटिन चौरसांमुळे. दहा ओळी आणि दहा स्तंभांच्या चौकटीत दहा चिन्हे अशी मांडायची की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे. असे दोन चौरस एकावर एक ठेवले आणि चिन्हांची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच आली, तर ते परस्परलंब. दहा, चौदा, अठरा अशा आकारांसाठी अशी जोडी असूच शकत नाही, असा तर्क लिओनार्ड ऑयलर यांनी 1782 साली केला होता. बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी 1959 साली तो खोटा ठरवला आणि त्या एप्रिलमध्ये ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. त्याच वर्षी कोडरचनेच्या सिद्धांतावर बोस आणि श्रीखंडे यांचा एक निबंध इन्फर्मेशन अँड कंट्रोल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अधिक एक आणि उणे एक यांच्या हाडामार्ड सारण्यांचा कोडांशी असलेला संबंध त्यात आहे. अशाच एका सारणीवर आधारलेल्या कोडने 1971 साली मरिनर 9 यानाने काढलेली मंगळाची छायाचित्रे पृथ्वीवर आणली.

लॅटिन चौरसांचा आणि इंटरनेटच्या केबलचा संबंध काय, असा प्रश्न वाचकाला पडेल. संबंध सरळ आहे, पण तो कळण्यासाठी आणखी एका माणसाला भेटावे लागते.

एमआयटीत 1960 साली रॉबर्ट गॅलेगर या तरुणाने डॉक्टरेटसाठी एक प्रबंध लिहिला. त्याने सुचवलेल्या कोडमध्ये बिट हजारो आणि ताळे शेकडो, पण प्रत्येक ताळ्यात मोजकेच बिट आणि प्रत्येक बिट मोजक्याच ताळ्यांत. या विरळपणावरून त्याला लो डेन्सिटी पॅरिटी चेक, म्हणजे एलडीपीसी कोड म्हणतात. तो उलगडण्याची रीत गावातल्या चौकशीसारखी आहे. प्रत्येक बिट आपल्या ताळ्यांना सांगतो, ‘मी बहुधा एक आहे, पण खात्री कमी.’ ताळा बाकीच्या बिटांचे ऐकून उलट सांगतो, ‘सगळ्यांचा हिशेब जमवायचा तर तू शून्य असायला हवास.’ असे निरोप काही फेऱ्या इकडून तिकडे जातात आणि बहुतेक वेळा सगळ्यांचे एकमत खऱ्या उत्तरावर होते. त्या काळच्या यंत्रांना हे गणित पेलणारे नव्हते. प्रबंध जवळपास तीस वर्षे बाजूला पडला. डेव्हिड मॅकाय आणि रॅडफर्ड नील यांनी 1990 च्या दशकाच्या मध्याला ही कल्पना पुन्हा वर काढली, तेव्हा ती शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचते, हे दिसून आले.

आता लॅटिन चौरसांकडे परत येता येते. तांब्याच्या केबलवरून 100 मीटरपर्यंत सेकंदाला 1,000 कोटी बिट नेणारे 10जीबेस-टी इथरनेट 2006 साली प्रमाणित झाले. त्याच्या कोडमध्ये 2,048 बिटांचा एक गठ्ठा असतो. त्यातले 1,723 माहितीचे, 325 तपासणीचे. ताळे 384. प्रत्येक ताळ्यात 32 बिट आणि प्रत्येक बिट 6 ताळ्यांत. हे जाळे विणताना एक पथ्य पाळावे लागते. कोणत्याही दोन ताळ्यांत एकाहून अधिक सामाईक बिट नको. नाहीतर दोन ताळे आणि दोन बिट आपापसांतच निरोप फिरवत राहतात आणि अफवेलाच पुरावा मानू लागतात. हे पथ्य पाळण्यासाठी माहितीची दोनच चिन्हे असलेला रीड-सोलोमन कोड वापरला गेला. त्याचे कोणतेही दोन शब्द जास्तीत जास्त एका जागी सारखे असतात आणि गणिताच्या भाषेत असा कोड म्हणजेच परस्परलंब लॅटिन चौरसांचा संच. नागपूरच्या वर्गात खडूने शिकवणाऱ्या माणसाने ज्या मातीत आयुष्य घालवले, तिच्यातच माहिती केंद्रातल्या केबलचा हा कोड रुजलेला आहे.

इतकी काळजी घेऊनही हट्टी चूक उरतेच.

ती दिसते आलेखावर. आडव्या अक्षावर सिग्नलची ताकद, उभ्या अक्षावर चुकांचे प्रमाण. सिग्नल थोडा सुधारला की चुकांची रेषा धबधब्यासारखी कोसळते. मग एका उंचीवर येऊन ती अचानक सपाट होते. सिग्नल आणखी वाढवला तरी चुका फारशा घटत नाहीत. अभियंते या सपाटीला एरर फ्लोर म्हणतात. मराठीत चुकांचा तळ म्हणता येईल. मॅकाय आणि मायकेल पोस्टोल यांनी 2003 साली काही प्रसिद्ध कोडांतले असे दुबळे कोपरे दाखवून दिले. त्याच वर्षी टॉम रिचर्डसन यांनी या तळाचे मूळ शोधले आणि त्याला ट्रॅपिंग सेट हे नाव दिले. बिटांचा एक छोटा गट एकदम चुकतो आणि कोड उलगडणारा डिकोडर त्या सापळ्यात अडकतो.

10जीबेस-टीच्या कोडमधला नेमका सापळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील झेंग्या झांग, वेंकट अनंतराम, मार्टिन वेनराइट, बोरिवोये निकोलिच आणि लारा डोलेचेक यांनी हुडकला. तो दिसणेच अवघड होते. या इथरनेटचे उद्दिष्ट एक लाख कोटी बिटांमागे एक चूक इतके कडक आहे. अशा शंभर चुका पाहायच्या तर एक कोटी कोटी बिट तपासावे लागतात. सेकंदाला दहा लाख बिट तपासणारा संगणक त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ अखंड चालवावा लागेल. म्हणून त्यांनी डिकोडरच एफपीजीए या हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर उतरवला आणि तो चालवून चुका वेचल्या. वेचलेल्या चुकांत एकच आकृती पुन्हा पुन्हा येत होती. आठ बिट चुकलेले, आठ ताळे बिघडलेले.

ही आकृती पाहण्यासारखी आहे. आठ चुकलेल्या बिटांपैकी प्रत्येकाचे सहा साक्षीदार. त्यांतले पाच म्हणतात, ‘तू बरोबर आहेस.’ सहावा एकटाच म्हणतो, ‘तू चुकला आहेस.’ पाच साक्षीदार खोटे बोलत नाहीत. त्यांच्या यादीत दोन चुकलेले बिट आले आहेत, एकाने सम विषम केले आणि दुसऱ्याने ते पुन्हा सम केले. पाटीवरच्या 623 सारखेच. असे वीस ताळे फसलेले आणि आठ ताळे खरे सांगणारे. डिकोडर बहुमताने चालतो, म्हणून प्रत्येक फेरीत पाच जण एकाला गप्प करतात आणि चूक अधिकच ठाम होत जाते. फेऱ्या वाढवून इथे काहीच साधत नाही. तेच साक्षीदार तीच साक्ष पुन्हा देतात.

उपाय याच निरीक्षणातून निघाला. नेहमीच्या फेऱ्या संपल्यावरही थोडे ताळे बिघडलेले राहिले, तर त्या मोजक्या तक्रारदारांच्या यादीतल्या बिटांना संशयित मानायचे. आठ ताळे, प्रत्येकी 32 बिट, म्हणजे 2,048 पैकी जास्तीत जास्त 256. फक्त या संशयितांच्या बाबतीत समाधानी ताळ्यांच्या शब्दाचे वजन मुद्दाम कमी करायचे आणि तक्रारदार ताळ्यांचे वाढवायचे. मग पुन्हा काही फेऱ्या. संशयितांतले जे बिट मुळात बरोबर होते, त्यांना तारेवरून आलेल्या मूळ सिग्नलचा आधार असतो, त्यामुळे ते सावरतात. चुकलेल्या आठांचा आधार फक्त आपापसांतल्या संगनमताचा असतो. तो ढिला झाला की ते एकामागून एक पलटतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 65 नॅनोमीटर चिपने ही युक्ती वापरून सेकंदाला 47.7 गिगाबिटचा वेग गाठला आणि चुकांचा तळ उद्दिष्टाच्या खाली ढकलला.

या कामात वेळ किती मिळतो, हेही ध्यानात घ्यावे. 10जीबेस-टीमध्ये एका गठ्ठ्यामागून दुसरा गठ्ठा 320 नॅनोसेकंदांत येऊन थडकतो. तेवढ्या काळात प्रकाशसुद्धा मोकळ्या अवकाशात सुमारे 96 मीटरच जातो. शाळेच्या मैदानावरची शंभर मीटरची धावपट्टीही त्याला पुरी करता येत नाही. उपाय कागदावर कितीही सुंदर असला तरी या फटीत बसला नाही तर उपयोगाचा नाही. म्हणूनच संपूर्ण डिकोडर नव्याने रचण्यापेक्षा शेवटी काही फेऱ्यांची छोटी दुरुस्ती जोडणारा मार्ग मोलाचा ठरला.

फायबरवरची गोष्ट वेगळी आहे, आणि ती समजायला हिशेबाची वही पुरते. दुसरबीडच्या नावाशी जिजामाता सहकारी साखर कारखान्याचे नाव जोडलेले आहे, तेव्हा ऊस वजनाचीच वही घ्यावी. आडव्या ओळींत गावे, उभ्या स्तंभांत गाळप हंगामाचे दिवस, घरांत टनांचे आकडे. प्रत्येक ओळीची बेरीज उजवीकडे, प्रत्येक स्तंभाची खाली. एक आकडा चुकला तर एक आडवी आणि एक उभी बेरीज बिघडते. दोन्ही जिथे छेदतात, तिथे बोट ठेवले की चूक सापडली. आता चार आकडे आयताच्या चार कोपऱ्यांवर चुकले, एका कर्णावरचे दोन पाच टनांनी वाढलेले आणि दुसऱ्या कर्णावरचे दोन तितकेच घटलेले, तर? आडव्या बेरजा जुळतात, उभ्या जुळतात, आणि वही चार ठिकाणी चुकलेली असते.

लांब पल्ल्याच्या फायबरवरचे प्रॉडक्ट कोड आणि 2012 साली मांडले गेलेले स्टेअरकेस कोड असेच आडव्या-उभ्या तपासणीवर उभे आहेत. साध्या बेरजेच्या जागी तिथे बीसीएच कोड बसलेला असतो. तो प्रत्येक ओळीतल्या तीनपर्यंत चुका सुधारू शकतो. ओळी सुधारल्या की स्तंभांचे काम सोपे होते, स्तंभ सुधारले की ओळींचे. पण चार ओळी आणि चार स्तंभ जिथे छेदतात त्या सोळाही घरांत एकदम चूक झाली, तर प्रत्येक ओळीत चार आणि प्रत्येक स्तंभात चार. तिनांची ताकद असलेला कोड दोन्हीकडून हतबल होतो. याला स्टॉल पॅटर्न म्हणतात. इथली दुरुस्ती लहान मुलालाही समजेल इतकी साधी आहे. ज्या ओळी आणि जे स्तंभ अजून कुरकुरत आहेत, त्यांचे छेदबिंदू शोधायचे आणि त्या सगळ्या बिटांची उलटापालट करायची. सोळा चुका एका झटक्यात जातात. स्टेअरकेस कोडसाठी लागणारी जादा जागा सुमारे 7 टक्के, जुन्या रीड-सोलोमन कोडइतकीच.

तिसरा मार्ग दोन कोडांना एकामागे एक उभे करण्याचा. उपग्रह प्रक्षेपणाच्या डीव्हीबी-एस2 या पद्धतीत आत एलडीपीसी कोड आहे आणि त्याच्याबाहेर बीसीएच कोडची राखण. एलडीपीसीने हजारो बिटांचा गोंधळ निस्तरायचा आणि तळाशी उरलेल्या आठ-दहा-बारा हट्टी चुका बीसीएचने टिपायच्या. छतावरच्या डिशमधून एचडी चित्र पाहणाऱ्या घरात बोस आणि राय-चौधुरी यांचे गणित रोज संध्याकाळी असे राबत असते.

एक शंका इथेच दूर करायला हवी. हट्टी चूक राहिली म्हणून सातबाऱ्यावरचा गट क्रमांक बदलेल, असे सहसा होत नाही. इथरनेटच्या प्रत्येक पाकिटाच्या शेवटी 32 बिटांची आणखी एक तपासणी असते. तिच्यात पाकीट सदोष निघाले की ते टाकून दिले जाते आणि पुन्हा मागवले जाते. म्हणजे चुकीची किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. लाख कोटी बिटांमागे एक चूक हे प्रमाण ऐकायला नगण्य वाटते, पण 10 गिगाबिटच्या तारेवर ते दर शंभर सेकंदांना एक चूक इतके भरते. माहिती केंद्रात अशा तारा हजारोंनी असतात आणि वेग 100 गिगाबिट, 400 गिगाबिट असा चढतो आहे. प्रमाण तेच ठेवले तर वेगाच्या पटीत चुका वाढतात. म्हणून वेग वाढवणाऱ्या प्रत्येक पिढीला चुकांचा तळ आणखी खाली खणावा लागतो.

समृद्धी महामार्ग नागपूरहून निघतो, सिंदखेड राजा तालुक्यातून जातो आणि मुंबईकडे उतरतो. श्रीखंडे यांच्या कामाची दोन मोठी ठाणी, नागपूर आणि मुंबई, त्याच्याच दोन टोकांना आहेत. मधल्या गावांतून दरवर्षी शेकडो मुले-मुली इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक अभियांत्रिकीला जातात. कोडिंग सिद्धांत त्यांना बहुतेक वेळा परीक्षेपुरता, इंग्रजीतून, सूत्रांच्या यादीसारखा भेटतो. तो पाटीवरच्या ताळ्यातून, काटा पावतीतून, खतावणीच्या बेरजेतून येऊन भेटला तर आपलासा वाटेल, या विश्वासाने पुढील मांडणी केली आहे.

पहिली दोन प्रकरणे सम-विषम तपासणीची आणि हॅमिंग कोडची आहेत. त्यांना आठवीपर्यंतचे गणित पुरेल. तिसऱ्यात लॅटिन चौरस, चौथ्यात बीसीएच, पाचव्यात गॅलेगर यांचे निरोपांचे जाळे. सहावे प्रकरण आठ बिटांच्या सापळ्याचे. तिथे वाचकाला आठ ठिपके काढून प्रत्येकाला इतर पाचांशी रेषेने जोडायचे आहे आणि वीस रेषा मोजायच्या आहेत. सातव्यात सोळा घरांची चौकट येते. त्यासाठी गणिताची चौकटीची वही, एक पेन्सिल आणि खोडरबर जवळ ठेवावे, कारण पहिल्या प्रयत्नात चुकीची घरे पलटली जातात आणि सापळा कसा बसतो ते तेव्हाच हाताला कळते.